कूलर चालू, तरी वर्ग उकडतोय: नव्या शाळांमधला दरवर्षीचा बिघाड

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. पलीकडे मुख्याध्यापक असतात, नाहीतर शिपाईमामा. "कूलर बिघडलाय ओ, वर्गात पोरं बसंनात, एवढं बघून जावा." मी जातो, कूलर उघडतो, आणि दहापैकी आठ वेळा कूलरला काहीही झालेलं नसतं.

सोलापुरात पंखे, कूलर, एसी आणि शाळांमधली वायरिंगची किरकोळ कामं हा माझा धंदा. हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता जिना चढतानाच अंदाज येतो. इमारत नवी असते, वीज वाचवणारी म्हणून बांधलेली. हलक्या ब्लॉकच्या भिंती, दुहेरी काचेच्या स्लायडिंग खिडक्या, फॉल्स सीलिंग, एलईडी, गच्चीवर सोलर. जुन्या उंच छताच्या शाळेतही उकडतं, पण ते उकडणं वेगळं. तिथे मुलं तापतात. इथे मुलं कोंडली जातात.

म्हणून खालच्या तपासण्या शाळेत स्वतःच करून बघा. फुकटच्या आधी, पैशांच्या नंतर. क्रम मोडू नका. क्रम मोडून आधी एसी घेतलेल्या शाळा मला माहीत आहेत.

आधी मूल, मग कूलर

एखादं मूल बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, फिट आली, शुद्ध हरपली, तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत मुलाला गार करा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा, जांघा इथे गार ओली फडकी ठेवा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी उष्माघातावर चालत नाही.

"घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये कैकदा ऐकलंय. ते चूक आहे. दमट खोलीत घाम येतो, निथळतो आणि वाळतच नाही. मूल ओलंचिंब असूनही आतून तापत जातं.

लक्षणं

सकाळी सातला कुलूप काढलं की वर्गात बाहेरच्यापेक्षा जास्त गरम लागतं. हे सगळ्यात बोलकं लक्षण आणि याकडेच कोणाचं लक्ष नसतं, कारण तक्रार दुपारची असते.

कूलर लावल्यावर पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग चिकचिक सुरू होते. वह्यांची पानं मऊ पडतात, मनगटाला कागद चिकटतो.

भिंतीवरचं थर्मामीटर ३२ दाखवतं, पण मुलं डोकं धरून बसलेली. जांभया, डोकेदुखी, मळमळ. मागच्या बाकांवरची आणि कोपऱ्यातली मुलं आधी पडतात.

फॉल्स सीलिंगच्या कडेला, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात.

आणि खरी खूण ही: तेच मूल व्हरांड्यात, ४१ अंशांत, सावलीला दहा मिनिटं बसलं की त्याला बरं वाटतं. ३२ मध्ये त्रास आणि ४१ मध्ये आराम असेल तर दोष नुसत्या उष्णतेचा नसतो, हवेतल्या पाण्याचा असतो. व्हरांड्यात आणूनही बरं वाटत नसेल तर मात्र ते मूल आजारी आहे, डॉक्टरकडे न्या.

असं का होतं

सोलापूरची एप्रिलमधली दुपारची हवा कोरडी ठाक असते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाण्याने ती हवा जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत गार होऊ शकते. कूलर याच जिवावर चालतो आणि आपला घामही. पण कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी घालून. मोठा डेझर्ट कूलर अशा दुपारी तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी हवेत सोडतो. ते पाणी बाहेर गेलं पाहिजे. खिडक्या बंद असतील तर ते वर्गातच राहतं आणि मग कूलर तीच ओली हवा पुन्हा ओली करत बसतो.

त्यात मुलं. बसलेलं मूल साधारण ७०-८० वॅट उष्णता टाकतं. पन्नास मुलांचे झाले पावणेचार किलोवॅट, म्हणजे जवळजवळ दोन गिझर वर्गात चालू ठेवल्यासारखं. श्वासातून आणि घामातून तासाला दोनेक लिटर पाणी तेही हवेत टाकतात. जुन्या वर्गात हे सगळं फटींतून, वरच्या झरोक्यांतून निघून जायचं. नव्या इमारतीत फटी बुजवल्या, कारण फटी म्हणजे विजेचा अपव्यय. एसीच्या ऑफिससाठी ते बरोबरच आहे. पन्नास मुलांच्या, एसी नसलेल्या वर्गासाठी ती पातेल्यावरची झाकणी.

तपासणी ०: ओला थर्मामीटर

साधं थर्मामीटर इथे अर्धंच सांगतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला पंचाचं पातळ, धुतलेलं कापड गुंडाळा (आपल्याकडचं टॉवेलचं नको, फार जाड), ते खोलीतल्याच तापमानाच्या पाण्यात भिजवा आणि दोन्ही थर्मामीटर चालू पंख्यासमोर चार-पाच मिनिटं धरा. ओल्याचा पारा उतरून जिथे थांबेल तो आकडा लिहून घ्या. अंगावरचा घाम या खोलीत शरीराला कितपत गार करू शकेल, ते हा आकडा सांगतो. ओला थर्मामीटर ३५ ला पोचला तर निरोगी माणूससुद्धा सावलीत, वाऱ्यात बसून फार काळ तग धरत नाही. त्रास त्याच्या बराच खाली सुरू होतो, लहान मुलांना तर आणखी आधी.

माझा स्वतःचा ठोकताळा, नियम म्हणून नव्हे: ओला २५ च्या आत असेल तर वर्ग चालू द्या. २७ च्या पुढे गेला तर पाणी पिण्याची सुट्टी वाढवा आणि खालच्या तपासण्या त्याच दिवशी करा. २९ दिसला की वर्ग रिकामा करा, कारणं नंतर शोधू.

एका शाळेतले आकडे वहीत आहेत. सगळं बंद, कूलर चालू: कोरडा ३२, ओला साडेअठ्ठावीस, म्हणजे आर्द्रता ७७ टक्क्यांच्या घरात. समोरच्या दोन खिडक्या उघडून पाऊण तासाने: कोरडा ३१, ओला साडेतेवीस. कोरड्यात फरक एका अंशाचा, ओल्यात पाचाचा. भिंतीवरच्या थर्मामीटरला यातलं काही दिसलं नसतं.

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांना आर्द्रतेचा डिजिटल काटा मिळतो, तोही चालेल. पण स्वस्त काटे पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून एकदा ओल्या कापडाशी ताडून बघा.

तपासणी १: हवा बाहेर जाते कुठून? (खर्च: एक उदबत्ती)

कूलर चालू ठेवा आणि पेटवलेली उदबत्ती घेऊन समोरच्या भिंतीच्या खिडक्यांपाशी फिरा. धूर बाहेर ओढला जातोय का? जागेवरच घोटाळत असेल तर तुमचा बिघाड सापडला.

"खिडकी उघडली तर गार हवा जाईल" या समजुतीने निम्मा त्रास होतो. ती एसीची सवय आहे. कूलरची हवा जायलाच हवी. दोन हजार सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला दोन हजार घनफूट हवा फेकणाऱ्या कूलरला किमान पाच-सहा चौरस फूट मोकळी वाट लागते, आणि ती कूलरच्या समोरच्या बाजूला. शेजारचीच खिडकी उघडली तर हवा तिथूनच वळून निघते आणि पलीकडच्या तीन बाकांना वाराच लागत नाही, ते कोंडलेलेच राहतात.

चार बाय चारची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, तरी आठ चौरस फूट मिळतात. पण तिला डासांची जाळी असते आणि जाळीवर वर्षाची धूळ. जाळी काढून नळाखाली धरा, पाणी कोणत्या रंगाचं निघतं ते बघा. निम्म्या शाळांत माझं काम इथेच संपतं आणि मला मजुरी मागायचीही लाज वाटते. (मागतो.)

तपासणी २: कूलर हवा घेतो कुठून?

कूलर खिडकीबाहेर, स्टँडवर, सावलीत हवा. वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलेला कूलर वर्गातलीच ओली हवा ओढतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: बाहेर ठेवला तर चोरीला जातो, किंवा दुहेरी काचेची खिडकी कापायची नाही. चोरीवर लोखंडी पिंजरा हा उपाय आहे. काचेचं म्हणाल तर स्लायडिंगची एक झडप काढून तिथे प्लायवूड बसवा आणि प्लायला कूलरच्या तोंडाएवढं भोक पाडा. जूनमध्ये झडप परत लावता येते.

तपासणी ३: गवत, पाणी आणि शॉक

कूलरचं गवत दाबून बघा. बोअरचं पाणी वापरलं की एका हंगामात गवतावर पांढरा थर चढतो आणि हवा त्यातून जात नाही. हनिकोंब पॅडचंही तेच. थर बसला असेल तर गवत बदला, त्यात कंजुसी करू नका.

पाण्याचा हिशोब आधीच करा. चार कूलर, पाच तास, तासाला पंचवीस लिटर: रोजचे पाचशे लिटर. आपल्या शहरात नळाला रोज पाणी नसतं. टाकी आटली की पंप कोरडा फिरतो, कूलर नुसती ४२ अंशांची गरम हवा मारतो, आणि फोन येतो की कूलर बिघडला. टाकीत पाणी असलं तरी ती आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून, घासून, कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता शॉक. कूलरची बॉडी पत्र्याची, आत पाणी, खाली ओली फरशी आणि भोवती मुलं. अर्थिंग नसलेला कूलर मी शाळेत चालू करत नाही, करूही देत नाही. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापलेली असेल, वायर सॉकेटमध्ये काडी खुपसून लावली असेल, किंवा बॉडीला हात लागल्यावर नुसती झिणझिण जाणवली, तर मेन बंद करा. इथे थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा, हे शिपाईमामांना एकदा नव्हे, दर मार्चला सांगायचं.

तपासणी ४: पंखे

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. म्हणून पंख्याची चाल महत्त्वाची. जुना पंखा पाचवर ठेवूनही रेंगाळत असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. साठ-ऐंशी रुपयांचं काम, पण वीज बंद करून आणि माहितगाराकडूनच.

नव्या शाळांत कमी विजेचे बीएलडीसी पंखे असतात, ७५ वॅटच्या जागी तीसेक वॅटचे. पंखे चांगले, पण कुणीतरी त्यांना जुन्या रेग्युलेटरमधूनच जोडून देतं. मग ते अडखळतात, मध्येच बंद पडतात. रेग्युलेटर काढून थेट स्विचवर घ्या.

दुसरा दोष फॉल्स सीलिंगचा. सजावटीसाठी छत खाली आणलं, पण पंख्याची दांडी बदलली नाही. पाती छताला चिकटून फिरतात, वरून हवाच मिळत नाही. मध्ये निदान फूटभर जागा हवी. शिवाय ते छत खाली येताना भिंतीतले वरचे झरोके त्याच्यामागे गाडले गेलेत का, तेही शिडी लावून बघा. सगळ्यात गरम, सगळ्यात ओली हवा वरच असते आणि तिची वाट तुम्ही जिप्समच्या पाट्यांनी बुजवलेली असते. एका ठिकाणी चारही झरोके सीलिंगच्या वर सापडले, जाळ्या शाबूत, पक्ष्यांची घरटीसुद्धा शाबूत.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वर्गात ४० अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा अंगावर गरम हवा फेकून शरीर उलट तापवतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० च्या पुढे पंख्यावर विसंबू नका असंच सांगते. तेव्हा अंगावर, कपड्यांवर पाणी शिंपडा, किंवा मुलांना तिथून हलवा.

तपासणी ५: रात्र

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ही फुकटची तपासणी कोणी करत नाही.

माझ्या आजोळी माळवदाचं घर होतं. दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं, आणि धाब्याला सवणं, म्हणजे हवा-उजेडासाठी ठेवलेलं भोक. आजी दिवसभर दार लोटून ठेवायची, अंधार करायची. सूर्य बुडाला की दार उघडं, सवण्यावरचं झाकण बाजूला, रात्रभर. तिला कोणी इन्सुलेशन शिकवलं नव्हतं. जाड भिंत उष्णता आत यायला वेळ लावते आणि आत आलेली बाहेर जायलाही तितकाच वेळ लावते, म्हणून ती उष्णता रात्री बाहेर काढावी लागते, एवढं आजीला कळत होतं.

नव्या शाळेच्या भिंती उष्णता अडवतात हे खरं. पण दिवसभर पन्नास मुलांनी, स्मार्ट बोर्डाने आणि पश्चिमेच्या काचेने आत जी उष्णता भरली, तिलाही त्या अडवतात. शाळा सुटते, शिपाईमामा सगळ्या खिडक्या बंद करून कुलूप लावतात. रात्री बाहेर पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरतं, वर्ग बत्तिसावरच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा साडेसातला भरते ती कालच्या उष्णतेत. सकाळची शाळा करण्याचा अर्धा फायदा इथेच जातो.

तपासायचं असं: शेजारशेजारचे दोन वर्ग निवडा. तीन रात्री एकाच्या खिडक्या जाळी-ग्रील लावून उघड्या ठेवा, दुसरा नेहमीप्रमाणे बंद. सकाळी सातला दोन्हींचं तापमान लिहा. चार-पाच अंशांचा फरक पडला तर तुमच्याकडे फुकटचा एसी आहे, फक्त वॉचमनशी बोलायचं राहिलंय. चोरीची भीती असेल तर फक्त वरच्या झडपा उघड्या ठेवा आणि पहाटे चार ते सात एक्झॉस्ट चालवा. फरक पडत नसेल तर हवेला आरपार वाट नाही. तपासणी १ कडे परत जा.

आणि दुपारी उलट. कूलर नसलेल्या वर्गात अकरा ते चार बाहेरची ४२ ची हवा भसाभसा आत घेऊ नका. ऊन येणारी बाजू बंद, सावलीची थोडी उघडी. किती उघडी, ते ओल्या थर्मामीटरने ठरवा.

तपासणी ६: पश्चिमेची काच

दुहेरी काच बाहेरची गरम हवा अडवते, थेट ऊन बऱ्यापैकी आत सोडते. आतून पडदा लावून उपयोग कमी, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं आणि पडदा तापून तेच वर्गात सोडतो. ऊन काचेच्या बाहेर अडवा. बांबूचे तट्टे, चिक, किंवा शेडनेट. शेडनेटसाठी शोधाशोध करायला नको. आपल्याकडचे डाळिंबवाले वापरतात, कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळते. खिडकीपासून फूटभर पुढे ताणा, म्हणजे मधून वारा खेळतो.

तपासणी ७: गच्ची

सगळे आधी गच्चीवरच पैसे टाकतात, म्हणून मी तिला मुद्दाम सातवी ठेवलीय. पाच वाजता वर्गात जा, हात वर करून छताची झळ लागते का बघा, किंवा कुणाकडून इन्फ्रारेड गन आणून मोजा. फॉल्स सीलिंग असेल तर एक पाटी उचलून खरा स्लॅब मोजा. पाच वाजता एवढ्यासाठी की दुपारचं ऊन स्लॅबमधून खाली उतरायला चार-पाच तास लागतात. छत खोलीपेक्षा पाच-सात अंशांनी गरम असेल तर गच्ची दोषी.

साध्या कोब्याची गच्ची दुपारी दोनला ६० च्या वर तापलेली मी मोजलीय. त्याच गच्चीवर चुना मारलेला तुकडा ४४-४५ ला होता. चुन्यात थोडं फेविकॉल कालवा, दोन हात मारा. पावसात निम्मा धुऊन जातो, पुढच्या मार्चला पुन्हा. पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग महाग, पण काही वर्षं टिकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथे पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांवर पांढरी छतं झाली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. उपाय खात्रीचा आहे. पण स्लॅबवर आधीच इन्सुलेशन घातलेलं असेल तर चुन्याने खाली फारसा फरक पडत नाही. तिथे चुन्याचे पैसे एक्झॉस्टला लावा.

सोलरचे पॅनल स्लॅबवर सावली धरतात, तेवढा फायदा फुकट. मात्र एक गैरसमज इथेच काढतो. "लाईट गेली तरी सोलर आहे, पंखे चालतील." ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीज लाइनला जोडलेला सोलर लाईट गेली की स्वतःच बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅटरी आणि तिच्यावर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर नसेल तर भर उन्हात, गच्चीभर पॅनल असताना पंखे थांबतात. घट्ट बंद वर्ग अशा वेळी फार लवकर गुदमरतो. लाईट गेली की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या खिडक्या आणि दार उघडायचं, हे प्रत्येक वर्गशिक्षिकेला माहीत हवं. बाई बाहेर गेल्या असतील तर मॉनिटरला.

तपासणी ८: एक्झॉस्ट

खिडक्यांची रचनाच अशी असेल की आरपार वारा येत नाही, तर कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला मोठा एक्झॉस्ट लावा. बाथरूमचा सहा इंची नव्हे. कूलर ढकलतो, एक्झॉस्ट ओढतो. भोक पाडण्याआधी मात्र थांबा: बीम, कॉलम आणि लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीला) हात लावायचा नाही. ब्लॉकच्या भिंतीत कुठे पाडायचं ते इमारतीच्या इंजिनिअरलाच दाखवू द्या.

तपासणी ९: एसी, सगळ्यांत शेवटी

दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो. त्यातली पावणेचार पन्नास मुलांचीच. उरलेल्या दीडमध्ये ऊन, छत आणि बोर्ड बसवून दाखवा. म्हणजे दोन एसी, म्हणजे नवी केबल, म्हणजे वाढीव लोड. शिवाय साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतच नाही, तीच फिरवतो. मुलं गार पडतात, पण जांभया आणि डोकेदुखी जात नाही. एका शाळेत एकाच वर्गात कूलर आणि एसी दोन्ही चालू होते: एक हवेत पाणी घालत होता, दुसरा काढत होता, आणि बिल दोघांचं येत होतं.

जूनमध्ये सगळं बदलतं

जूनच्या मध्यात शाळा पुन्हा भरते तेव्हा ढग असतात, पाऊस असतो किंवा नसतो. बाहेर ३६ आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर पाणी हवेला साडेसत्ताविसाच्या खाली नेऊच शकत नाही. त्या दिवसांत कूलरचा पंप बंद करा, गवत काढा आणि नुसता बाहेरची हवा आत फेकणारा पंखा म्हणून चालवा. मेच्या सवयीने पंप चालूच ठेवतात, म्हणून जूनमध्ये माझ्याकडे फोनचा दुसरा हंगाम येतो. लोकांना वाटतं उन्हाळा संपला, मुलं आता कशी पडतील. पडतात.

कुठे थांबायचं

कूलरचा शॉक, वारंवार ट्रिप होणारा एमसीबी किंवा आरसीसीबी (जास्त लोड किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच), तापणारं सॉकेट, जळका वास: मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. ट्रिप होतोय म्हणून मोठा एमसीबी टाकणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

काळे ठिपके हातभरापेक्षा मोठे पसरले, किंवा स्लॅबमधून ओल उतरतेय: रंगाऱ्याचं काम नाही, वॉटरप्रूफिंग बघणारा इंजिनिअर लागेल. दम्याची मुलं तोवर त्या वर्गात नकोत.

पहिल्या आठ तपासण्या करूनही भर दुपारी ओला थर्मामीटर २८ च्या वरच राहतो: आता हे पंखेवाल्याच्या, म्हणजे माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे. वायुवीजनाचं डिझाइन करणारा इंजिनिअर गाठा, आणि तो येईपर्यंत तो वर्ग तळमजल्याच्या सावलीच्या बाजूला हलवा.

आणि काही दिवस असे असतात की कुठलीच तपासणी लागू नाही. हवामान खातं मैदानी भागात कमाल ४० किंवा त्याच्या वर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतं, आणि ४५ झालं तर सरासरी न बघताच. तसा इशारा असेल तर दुपारचा वर्ग भरवायचा की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकांचा. कूलरवाल्याला विचारायचा नाही.

इंजिनिअरला बोलावलंत तर वही तयार ठेवा: निदान आठवडाभर, सकाळी सात, दुपारी बारा आणि तीनचे आकडे, कोरडा आणि ओला, आत आणि बाहेर, आकड्यांशेजारी वर्गात किती मुलं होती आणि कोणत्या खिडक्या उघड्या होत्या. नाहीतर तोही आधी कूलरच उघडेल.